शेवटचे तीस कागद

टाचणीचा गंज कागदात उतरून तिथं एक तांबूस डाग पडला होता, आणि दर वेळी पत्र उघडलं की कृष्णातची नजर अक्षरांआधी त्या डागावर जाई, त्याची कड नेमकी कुठे संपते आणि कोरा कागद कुठे सुरू होतो हे ठरवू पाही... जन्माची खोड. पत्र अठ्ठ्याण्णव सालचं, धारवाडहून आलेलं, कावेरीचं. उत्तर दिलं नव्हतं. देणार होता, पहिल्या आठवड्यात तर नक्कीच देणार होता. मग सत्तावीस वर्षं गेली.

एवढा मजकूर पाठ होता : 'शेवटच्या तीस फोटोंत आपल्या दोघांतला फरक जवळजवळ शून्य आलाय. इतका मेळ मला पटत नाही. तुम्ही माझे कागद पाहिलेत का? पाहिले असतील तर का पाहिले, तेही लिहा. न पाहता जमलं असेल तर तसं लिहा. कुठल्याही उत्तरानं मी रागावणार नाही.'

त्यानं पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं. आज ते बरोबर का घ्यावंसं वाटलं, कोण जाणे. चिकपेटातल्या त्याच्या खोलीखालीच घरमालक नागराजचं साड्यांचं दुकान होतं. गादीवरून नागराज ओरडला, "काय मास्तर, पुन्हा ड्यूटी? ह्या वयात पोरी तुम्हाला कामाला बोलावतात, आम्हाला कोण विचारत नाही!" कृष्णात ओशाळून हसला. उत्तर त्याला मेट्रोत बसल्यावर सुचलं, नेहमीसारखं.

कामाला बोलावणारी सिद्धी पुण्याची, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची. एचएसआर लेआउटमधल्या तिच्या ऑफिसात डोळ्याच्या फोटोवरून काचबिंदू ओळखणारं सॉफ्टवेअर बनत होतं, आणि ते शिकवायला तिला माणसांनी हातानं काढलेल्या रेघा हव्या होत्या. दवाखान्याच्या जुन्या दप्तरातून तिनं त्या शोधून काढल्या होत्या : तिथल्या चार वर्षांच्या कामातल्या शेवटच्या अभ्यासाचे दीडशे फोटो, दोन निरीक्षक, कृष्णात आणि कावेरी. गेल्या आठवड्यात तिनं त्यातले साठ फोटो कृष्णातला पुन्हा दिले, क्रम बदलून, कुठला कधीचा ते न सांगता, आणि काचेवर चालणाऱ्या पेननं त्यानं पुन्हा साठ रेघा काढल्या. आज निकाल होता.

ऑटोत वारा लागत होता. त्या वेळची खोली आठवत होती... डोळ्यांच्या एका दवाखान्याची संशोधनाची खोली, पडदे कायम ओढलेले, मध्ये उजेडाची पेटी. पेटीवर फोटो, फोटोवर पारदर्शक कागद, हातात बारीक टोकाचं शाईचं पेन. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, जिथून नस बाहेर पडते, तिथं एक फिकट चकती असते आणि चकतीत एक खळगा. आम्ही त्याला वाटी म्हणायचो. काचबिंदूत ही वाटी मोठी होत जाते, म्हणून तिची कड रेखायची आणि आतलं क्षेत्रफळ मोजायचं. पण कड म्हणजे रेघ नसतेच. तो उतार असतो, तळ्याच्या काठासारखा. जमीन कुठे संपली ते पाहणाऱ्यानं ठरवायचं. म्हणून दोघांनी वेगवेगळं रेखायचं, एकमेकांचं पाहायचं नाही, त्या चित्रांविषयी बोलायचं नाही. दोघं न पाहता जितके जवळ येतील तितका मापावर भरवसा.

चार वर्षं एका खोलीत बसून, एकाच गोष्टीकडे पाहत, तिच्याविषयी अवाक्षर बोलायचं नाही!... बाकी सगळं बोलणं व्हायचं. म्हणजे ती बोलायची. बेळगावच्या घरचा कुंदा डब्यातून आणायची, अर्धी मराठी अर्धी कानडी. महिन्याच्या शेवटी दोघांची सरासरी समोर यायची, तेवढी बघायची मुभा होती, आणि कृष्णातची मापं नेहमी तिच्यापेक्षा थोडी मोठी निघायची. "कृष्णात अवरे," कानडी आदराचं 'अवरे' जोडून ती अगदी गंभीर तोंडानं म्हणायची, "तुम्ही वाटी घेता की परात?" तो मान खाली घालायचा. वाटायचं, हिला दिसतं ते बरोबर, आपल्याला दिसतं ते चूक. दोन माणसांत फरक पडला की चूक आपलीच, हे त्यानं निपाणीच्या शाळेपासून गृहीत धरलेलं.

एकशे एकविसाव्या फोटोच्या दिवशी तिचा कागद पेटीवरच राहून गेला होता. त्यानं दिवा लावला आणि तिची रेघ उजळली. वरच्या बाजूला, जिथं उतार सगळ्यात फसवा, तिथं शाईचा एक जाड ठिपका होता. तिथं तिचं पेन थांबलं होतं. म्हणजे तिलाही शंका आली होती... ठाम, हसरी, परात म्हणून चिडवणारी कावेरी त्या ठिकाणी क्षणभर थांबली होती, आणि हे जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं आपला कागद वर ठेवला. हात तिच्या रेघेवरून गेला. तो पहिला, चुकून. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः तिच्या कागदांचं कपाट उघडलं. किल्ली खिळ्यालाच असायची. असल्या कागदांची चोरी कोण करणार? एकोणतीस दिवस, ती यायच्या आधी.

"सर, स्वल्प थांबा हं, लोड होतंय," सिद्धी म्हणाली. तिनं खुर्ची ओढून दिली. "बघा. हे सुरुवातीचे तीस. निळी रेघ तुमची तेव्हाची, केशरी मॅडमची, हिरवी तुमची आत्ताची. तेव्हाही तुम्ही मॅडमच्या बाहेर, आत्ताही तेवढेच बाहेर. सेम टू सेम! इतकी वर्षं हात हलला नाही, मानलं तुम्हाला."

तो पडद्याकडे बघत राहिला. निळी आणि हिरवी एकमेकींना लगटून चालली होती. म्हणजे आपल्याला दिसतं ते असं होतं. दर वेळी असंच. चूक असो, बरोबर असो, आपलं होतं.

"आता शेवटचे तीस. इथं गंमत आहे." तिनं बोट सरकवलं. केशरी रेघेखाली निळी जवळजवळ दिसेनाशी झाली, आणि हिरवी बाहेरून एकटीच फिरून आली. "तेव्हा तुम्ही दोघं एकदम एक झालात. आणि आज तुम्ही परत आपल्या जागेवर. आधी वाटलं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय तुमचं, लेन्सचा इफेक्ट असेल."

"तसं असतं तर पहिले तीसही बदलले असते," कृष्णात हळूच म्हणाला.

"हो ना. मग मला वाटतं लर्निंग इफेक्ट. इतकी वर्षं शेजारी बसून दोघांची नजर जुळली असणार. किती छान ना? तसंच लिहू रिपोर्टमध्ये?"

दोघांची नजर जुळली. सत्तावीस वर्षं हेच एक वाक्य लिहायचं होतं, हेच वाक्य त्यानं धारवाडच्या पत्त्याखाली मनातल्या मनात कितीदा लिहिलं होतं, आणि दर वेळी कपाटाची किल्ली आठवून खोडलं होतं. आता एक मुलगी ते आयतं पुढे करत होती, छापून देते म्हणत होती. कुणाला कधी कळणार नव्हतं. सॉफ्टवेअर ते शिकलं असतं. कुठल्या तरी गावातल्या कुणाच्या तरी डोळ्यात, तीस दिवसांच्या त्या चोरीनं ठरवलेली कड शोधत बसलं असतं...

"नाही," तो म्हणाला. "मी बघत होतो. तिचे कागद. बघून काढल्यात त्या रेघा."

सिद्धीचं बोट काचेवर तसंच राहिलं. "सगळ्या तीस?"

"तीस."

"बापरे, सर." मग तिनं शांतपणे यादीतल्या त्या तीसही फोटोंपुढच्या निवडीच्या खुणा काढून टाकल्या. "हे मला लिहावं लागेल. तुमच्या नावानं."

"लिहा. तिच्या रेघा खऱ्या आहेत, तेही लिहा."

"पण का बघितलंत? चीटिंग करणाऱ्यातले वाटत नाही तुम्ही."

त्याचा हात खिशातल्या पत्रावर गेला. हा प्रश्न आधी दुसऱ्या कुणी विचारला होता. तिला सांगायच्या आधी हिला कसं सांगणार?

ती ओळखल्यासारखी म्हणाली, "मॅडमना शोधू का ऑनलाइन? दोन मिनिटं लागतील."

"नको, बाई. पत्र आलं होतं."

पोस्ट ऑफिस तिथून ऑटोनं पंधरा मिनिटांवर होतं. टेबलाला टेकून, डिंकाचे डाग चुकवत, त्यानं लिहिलं. घरी वर्षानुवर्षं मायन्यापाशीच अडायचं, ते इथं उभ्यानं झालं :

'कावेरी अवरे, होय, पाहिले. तीसही. पहिला चुकून, बाकीचे मुद्दाम. तुमचा हात कुठे थांबतो ते मला बघायचं होतं. चित्रात मला रस उरला नव्हता. शेवटचे तीस आज रद्द झाले. माझी वाटी अजून परातच आहे. उत्तराला उशीर झाला. कृष्णात.'

'कशा आहात', 'क्षमस्व', 'तुमची आठवण येते' यातलं काहीच नव्हतं. वाचून वाटलं, फार कोरडं झालं. मग वाटलं, दुसऱ्यांदा वाचलं तर खिशातच राहील. खिडकीतली बाई लिफाफा बघून म्हणाली, "पिन कोड हाकी, सर." पिन कोड घालायचाच राहिला होता; त्यानं जुन्या पत्रावरून आकडे उतरवले. ती त्या घरात असेल का, असेल तर वाचायला चष्मा कुठला लागत असेल, हे पत्र कुणाच्या तरी समोर उघडावं लागेल का तिला... असेल का.

बाहेरच्या पेटीत लिफाफा टाकला. आत इतर कागदांवर पडल्याचा आवाज आला, अगदी हलका. पेटीवर वेळा लिहिल्या होत्या. आजची शेवटची उचल होऊन गेली होती. म्हणजे उद्या निघणार, परवा-तेरवा धारवाड. तो बोटांवर दिवस मोजू लागला, आणि मोजता मोजता लक्षात आलं की इतकी वर्षं मी फक्त एक पत्र अडवून धरलं होतं, वाट कुणाचीच पाहिली नव्हती. वाट तिनं पाहिली असेल, किती महिने, कुठल्या खिडकीपाशी, ते मला कधी कळणार नाही. आता ती पाहणं माझ्याकडे आलं होतं. छातीत काहीतरी दुखत होतं, आणि ते थांबू नये असं वाटत होतं. थांबवून ठेवलेल्या ऑटोवाल्यानं दोनदा हाक मारली. तो पेटीपासून हलला नाही.