पोटाशी धरलेली बाटली

पाच अंश.

पिशोरला डॉक्टर बद्रीनाथांनी थर्मास केरबाच्या हाती दिला, तेव्हा आत एवढं तापमान होतं. थर्मासात बर्फ, बर्फात करंगळीएवढी बाटली, बाटलीत भैरूचं बी. भैरू केरबाच्या मेहुण्याचा, मुंजाबाचा कुत्रा. काल ट्रॅक्टरखाली आला, कंबर मोडली. आता तो कुत्रीवर चढणार नव्हता.

"झाकण उघडू नका, मामा. मला वाटेत एक अडलेली गाय बघायचीय. तुम्ही एसटीनं थेट शहरातल्या छावणीत या."

छावणीतल्या जनावरांच्या दवाखान्यात केरबाची कुत्री हरणी होती. सोबत बायको, बानाबाई. हरणी आठ वर्षांची, हा तिचा शेवटचा माज. आज, फार तर उद्या. परवा नाही. लांडग्याच्या अंगावर जाणारी ही जात, आणि मेंढरांमागं आता ही दोनच उरलेली.

कन्नड. एसटी थांबली.

केरबानं झाकण उघडलं. बाटलीला बोट लावलं.

गार. मेल्यासारखी.

थंडीत जन्मलेलं कोकरू गार पडलं की तो पोटाशी धरायचा, वरून घोंगडी. तासाभरात ते चुळबुळ करायचं. तेवढंच त्याला ठाऊक. बाटली बंडीच्या आत गेली. वरून घोंगडी.

सदतीस अंश.

हतनूर. सदतीस. वेरूळचा घाट. सदतीस.

शेजारची बाई म्हणाली, "पोटात दुखायलं का बाबा?"

"नाय. लेकरू हाय."

बाई हसली आणि जरा सरकून बसली.

छावणी. डॉक्टरांनी थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दुसरा थेंब. तिसरा.

"एकही हलत नाही."

"गार पडलं व्हतं. म्या ऊब दिली."

"गारव्यात ते झोपून राहतं, मामा. ऊब मिळाली की पळत सुटतं. वाटभर पळालं. दमून मेलं."

"कोकरू वाटलं व्हय तुम्हाला?" बानाबाई म्हणाली.

"तसंच टाका आत," केरबा डॉक्टरांना म्हणाला.

"उपयोग नाही."

"टाका म्हणतो ना!"

डॉक्टरांनी काच धुवायला घेतली.

केरबानं मुंजाबाला फोन लावला. "भैरूचं परत काढायचंय. आम्ही निघालो."

"दाजी, तो गेला की. घंटा झाला. पुरला बी आत्ताच."

केरबा डॉक्टरांकडं वळला. फोन तसाच कानाला.

"मेलेल्याचं निघतं का?"

डॉक्टरांनी काच खाली ठेवली. "अंड कापून निघतं कधी कधी. पण लवकर. आणि भरवसा नाही."

"मुंजाबा, उकर."

"येडे झाले का दाजी? मीठ टाकून पुरलंय. हळद वाहिली. लेकरं रडायलीत इथं."

"उकर."

बानाबाईनं फोन हिसकावून घेतला.

"दादा, तू उकरतो का मी येऊन हातानं उकरू?"

पलीकडं मुंजाबा कुणाला तरी म्हणाला, "लेकरं घरात न्या."