वीस किलोमीटरच्या आत

गिरजाबाई आल्या तेव्हा त्यांच्या नवऱ्याची फाईल माझ्यासमोर उघडीच होती. मनसाराम, वय एकेचाळीस, राहणार बल्लारपूर, केंद्रापासून अंतर सोळा किलोमीटर. नवराबायको दोघेही एचआयव्हीच्या उपचारासाठी आमच्याकडे नोंदलेले. मनसाराम तीन आठवड्यांपूर्वी वारले होते.

"वर्षभरात त्यांच्या सहा खेपा चुकल्या," मी म्हणालो. "तुमच्याही सहा. बल्लारपूरहून यायला अर्धा तास लागतो, बाई."

"ते घर माह्या नणदेचं होय. आमी अहेरीच्या पल्याड राह्यतो. काल सकाळी निघाली, तवा आज पोचली."

"मग पत्ता तिथला का दिला?"

"खेप चुकली का तुमचा माणूस घरी येते न इचाराले. गावाले मालूम पडलं तं तलावात जाळं टाकू देईन का कोणी?"

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या अकराशे चौदा रुग्णांच्या जगण्याचा अभ्यास केला होता. वय, लिंग, शिक्षण, वैवाहिक स्थिती, अंतर. अंतराचा निष्कर्ष उलटा आला: वीस किलोमीटरच्या आत राहणारे अधिक मरत होते. निष्कर्ष उलटा आला की आधी नोंदी खऱ्या आहेत का ते तपासावे, हे मी इतरांना शिकवतो. स्वतःच्या बाबतीत मात्र कोळशाच्या खाणींची धूळ, पाळ्यांमधले काम आणि दारू अशी कारणे दिली, आणि ती सुचल्याचा मला आनंदही झाला. माझ्याच शिफारशीवरून तीन महिन्यांच्या गोळ्या लांबच्यांना मिळू लागल्या; जवळच्यांना दरमहा बोलवायचे, म्हणजे लक्ष राहील.

मनसारामांनी एकदा तीन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या होत्या.

"भाऊ, तुम्ही तर शेजारी," मी म्हणालो होतो. "तीन महिने आमचं तोंड पाहायचं नाही का?"

"नाई साहेब, तोंड चांगलं हाय तुमचं," असे म्हणून ते हसले आणि एक डबी घेऊन गेले. त्यांच्या पिशवीतून चादर डोकावत होती. सोळा किलोमीटरसाठी कोणी चादर आणत नाही. मी ती पाहिली होती.

"म्हणजे वर्षातले सहा महिने गोळ्याच नव्हत्या?" मी गिरजाबाईंना विचारले.

"होत्या न. दोघं संगं निघालो का गाव इचारे. म्हणून एका महिन्यात मी, एका महिन्यात ते. दोघाईची गोळी एकच. आपली डब्बी आणली का माह्या हातात देत. माह्याजवळ जुन्या हायेत म्हणत, तू ही पुरी खा. पन जुन्या नव्हत्याच. मी त्याईची डब्बी उघडून पाह्यली नाई, साहेब."

बारा महिने, बारा डब्या, एक माणूस जिवंत. आकडेमोड बरोबर होती.

"बाई, त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या होत्या. मी दिल्या नाहीत."

"मालूम हाय. घरी येऊन हासत होते. साहेब आपल्याले पक्के बल्लारपूरचे समजून राह्यले म्हणे."

"मी नीट विचारायला हवं होतं."

"इचारलं असतं तं खोटंच सांगतलं असतं त्याईनं."

यातून माझी सुटका होत नव्हती. जो प्रयोग झालाच नाही, त्याचा निष्कर्ष कोणाच्याच बाजूने मांडता येत नाही.

तीन महिन्यांच्या गोळ्यांसाठी लांबचा पत्ता लागतो. खरा पत्ता लिहायला मी गिरजाबाईंची फाईल काढून पेन उचलले. त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"गावाचं नाव लिवू नका. लिवाचंच असन तं एकच डब्बी द्या."

एक डबी महिन्यात संपेल आणि दर महिन्याला एवढ्या लांबून येणे त्यांना जमणार नाही, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होते. पत्ता मी तसाच ठेवला. कारणाच्या जागी 'माझ्या जबाबदारीवर' असे लिहिले, सही केली आणि तीन डब्या त्यांच्याकडे सरकवल्या. त्यांनी त्या लुगड्याच्या घडीत गुंडाळून पिशवीच्या तळाशी घातल्या.

दारापाशी त्या वळल्या.

"पुढच्या खेपेले तुमीच असान न? दुसऱ्या साहेबाले मी बल्लारपूरच सांगीन."

"मीच असेन," मी म्हणालो.