ऑल्मेविकमधलं एक तळं

प्रसन्नने ब्लेडचं टोक तळ्यावर टेकवलं आणि पुन्हा उचललं. नकाशाच्या फिल्मवर तांदळाच्या दाण्याएवढं तळं, खाली तिरप्या अक्षरांत नाव: उत्तराशॉन. शॉन म्हणजे स्वीडिशमध्ये तळं. उरलेलं नाव स्वीडिश नव्हतं, पण न्यू जर्सीतल्या त्या नकाशाच्या कंपनीत हे फक्त प्रसन्नला माहीत होतं.

ऑल्मेविक ही स्वीडनमधली एक लहानशी नगरपालिका. माणसं चार हजार, सभासद एकतीस, तळी दोनशे बारा. दोनशे तेरावं प्रसन्नने गेल्या वर्षी, त्र्याऐंशी साली, काढलं होतं. तपासणाऱ्याने त्यावर स्पेलिंग बरोबर असल्याची खूणही केली होती.

आता ऑल्मेविकहून पत्र आलं होतं. बॉस हॅरीने ते टेबलावर ठेवलं, तळं खरवडून टाक म्हणाला, आणि शुक्रवारपर्यंत सॉरीचं उत्तर लिहायला सांगितलं. चुका होतात, असंही म्हणाला. माणूस वाईट नव्हता.

ब्लेड खणात ठेवून प्रसन्न पत्र घरी घेऊन गेला. वीणाने ते स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं.

पालिकेच्या सचिवाने लिहिलं होतं की नकाशा सभेपुढे मांडण्यात आला. स्वतःच्या हद्दीतलं उत्तराशॉन हे तळं माहीत नसल्याबद्दल पालिका दिलगीर आहे. दोन कर्मचारी गमबूट घालून जाऊन आले. त्यांना ओलसर गवत आढळलं. एका वयोवृद्ध सभासदांना मात्र लहानपणी तिथे मासे धरल्याचं स्पष्ट आठवतं. तळं मधूनच आटतं का, कृपया कळवावे.

"हे तू केलंस?"

प्रसन्नने मान डोलावली.

गेल्या वर्षी हॉस्पिटलमधली नर्स दोनदा नावाचा फॉर्म घेऊन आली होती. उत्तरा हे नाव ठरलेलं होतं, पण आमच्यात नाव बाराव्या दिवशी ठेवतात, असं दोघांनी तिला दोन्ही वेळा हसून समजावलं होतं. मुलगी नवव्या दिवशी गेली. काचेच्या पेटीतल्या तिला बघायला बाहेरच्या कुणाला सोडलं नव्हतं. जन्माच्या दाखल्यावर 'बेबी गर्ल' होतं. दुसऱ्या दाखल्यावरही तेच.

"स्वीडनच का पण?"

"टेबलावर तेच होतं त्या आठवड्यात."

वीणाच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. प्रसन्नने कागद ओढला आणि इंग्रजीत लिहायला घेतलं: आमच्या चुकीमुळे आपल्याला…

तिने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"चूक नको लिहूस."

"तळं तर काढून टाकावंच लागणार, वीणा."

"टाक काढून. पण चूक नको लिहूस."

"मग काय लिहू?"

तिने पत्र पुन्हा उचललं. मासे धरल्याची ओळ तिने दोनदा वाचली.

"आटलं म्हणून लिही," ती म्हणाली. "आणि त्या आजोबांना आपला नमस्कार कळव. त्यांनी पाहिलंय."

प्रसन्नने 'चूक' खोडलं. 'आटलं' लगेच लिहून झालं. नमस्कारापाशी मात्र त्याचं पेन बराच वेळ अडून राहिलं.