तारीख वाचणारं कपाळ

व्हिडिओ कॉल आला की अहल्याबाई फोन अशा बेताने धरायच्या, की पलीकडच्याला त्यांचं नाक, ओठ आणि हनुवटी तेवढी दिसावी. कपाळ पडद्याबाहेर. मस्कतला राहणारी त्यांची लेक मालविका म्हणायची, "आई, फोन वर कर, अर्धीच दिसतेस." त्या म्हणायच्या, "अर्धी पुरे." आणि त्यांचे यजमान विश्वासराव पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "आमच्या हिची हनुवटी परदेशात फार प्रसिद्ध आहे हो." हसणाऱ्याने हसावं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

कारण होतं ओवी. मालविकाची तीन वर्षांची मुलगी, अहल्याबाईंची एकुलती एक नात. गेल्या दिवाळीत मालविका, जावई उन्मेष आणि ओवी बडोद्याला, मांजलपूरच्या फ्लॅटवर आली, आणि आल्या दिवशीच ओवीला खोकला झाला. अहल्याबाईंनी औषधाची बाटली उचलली, खिडकीशी नेली आणि तारीख वाचायला डोळे बारीक केले. झालं. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या रेघा खोल उमटल्या. ओवीने ते तोंड पाहिलं आणि असा टाहो फोडला की खालचे वसंतभाई "शुं थयुं?" करत जिना चढून वर आले. पुढे बारा दिवस पोर आजीच्या मांडीवर बसली नाही. लाडू घ्यायचा तोही बापाच्या पायाआडून हात काढून. "आजी रागावली," हे एकच पालुपद. पाहुणे विमानात बसले आणि अहल्याबाई स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडल्या. रडतानाही कपाळाला आठ्याच पडतात, आता बोला.

खरं सांगायचं तर त्या रेघा रागाच्या नव्हत्याच मुळी. गोरव्याच्या आरोग्य केंद्रात अहल्याबाईंनी एकतीस वर्षं औषधं सांभाळली. लशींचा फ्रीज त्यांच्या ताब्यात. सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघायचा, पारा दोन ते आठ अंशांत हवा. दिवाळी असो की संक्रांतीचं उत्तरायण, त्यात खंड नाही. आणि प्रत्येक बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायची, बॅच कुठली, तारीख कुठली. किती पोरांच्या दंडात त्या बाटल्यांतलं औषध गेलं असेल, कोण मोजणार? एकाचंही वाकडं झालं नाही. फक्त यांच्या कपाळाला वळण पडलं ते पडलंच.

येत्या फेब्रुवारीत दोन महिने मस्कतला जायचं ठरलं, तेव्हा अहल्याबाईंनी लेकीला हळूच विचारलं, "ते कपाळात इंजेक्शन देतात ना गं, रेघा जातात म्हणे?"

मालविकाने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "जातात. चार टोचण्या, आठवड्याभरात रेघा मावळतात. तीन-चार महिने टिकतं. पण आई, तिथेच करून ये की."

"इथे? अलकापुरीतल्या दवाखान्यात पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत दांडिया बाजारातल्या मराठी घरांत बोभाटा. तिकडेच बघ. उतरल्याबरोबर करून टाकू. आठवडाभर डोक्याला रुमाल बांधीन, मग ओवीसमोर येईन."

तेव्हापासून अहल्याबाईंच्या दुपारी बदलल्या. जेवण उरकलं की त्या गॅलरीतल्या हिंचक्यावर बसायच्या. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, समोरच्या तारांवर पतंगांचे कागद अजून फडफडत होते. ऊन कोवळं, पायाने एक ठेस दिली की हिंचका बराच वेळ आपला आपण झुलायचा. आणि डोळे मिटले की लगेच समुद्र. मस्कतचा समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, म्हणून तो त्यांना हवा तसा असायचा, शांत, दुधट निळा. किनाऱ्यावरून ओवी धावत यायची. अहल्याबाईंचं कपाळ गार आणि सपाट, जणू नुकतीच पुसलेली पाटी. ओवी थेट मांडीवर चढायची आणि त्या कपाळावर ओला तळवा ठेवायची. तळव्याची वाळू त्यांना खरोखर टोचायची. डोळे उघडले तरी कपाळावर हात फिरवून त्या बघायच्या, वाळू आहे का.

विश्वासरावांपासून या घरात काही लपत नाही. चौथ्या दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला.

"हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मी म्हणणार होतो," ते म्हणाले. "पण तुझं ठरलंच असेल तर परक्याकडे जाऊ नकोस. आपल्या बळवंतरावांचा नातू देवेश मस्कतला हेच करतो. मोठं क्लिनिक आहे."

"तो डॉक्टर कधी झाला?"

"असेल काहीतरी. अगं, त्याचे पणजोबा संस्थानात, राजवाड्याच्या खानगी खात्यात होते. किल्ल्या असायच्या त्यांच्याकडे. त्या घरचा मुलगा आहे."

आता हा आमच्या बडोद्याच्या मराठी मंडळींचा जुना आजार. संस्थान जाऊन पाऊणशे वर्षं झाली, तरी माणूस पारखायचा तर अजून पणजोबांच्या खात्यावरून. जमाबंदीवाला असेल तर हिशेबी, खानगीवाला असेल तर विश्वासू. पणतू काय करतो ते कोणी विचारत नाही. अहल्याबाईही त्याच मुशीतल्या. त्यांना हायसं वाटलं. देवेशशी फोनवर बोलणं झालं. "काकू, घरचंच समजा. गुरुवारी या, दहा मिनिटांत मोकळ्या," तो इतक्या गोड मराठीत म्हणाला की अहल्याबाईंनी त्याच्यासाठी बडोद्याचा ओलसर लीलो चिवडा घ्यायचा म्हणून चिठ्ठीवर लिहूनसुद्धा टाकलं.

त्या दुपारी पुन्हा समुद्र आला. पण किनाऱ्यावर ओवीच्या आधी फ्रीज उभा होता. गोरव्याचाच, पांढरा, दाराला पोचा आलेला. लाटा त्याच्या पायाशी येऊन परत जात होत्या. अहल्याबाईंनी दार उघडलं. आत एकच बाटली. सवयीने त्यांनी ती उजेडात धरली, डोळे बारीक करायला गेल्या, तर कपाळ हलेचना. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी तरंगत राहिली. मागून ओवी विचारत होती, "आजी, हे पिऊ?" आणि त्यांना तारीख वाचता येईना. "थांब, थांब," म्हणेस्तोवर हिंचका थांबला आणि जाग आली.

स्वप्न ते स्वप्न, पण एक गोष्ट लख्ख दिसली. दुसऱ्यांच्या पोरांसाठी एकतीस वर्षं बाटली वाचली आणि स्वतःच्या कपाळात जाणारी बाटली मात्र पणजोबांच्या भरवशावर सोडली. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी मालविकाला फोन लावला. "देवेशच्या क्लिनिकमध्ये जा. आत गेलीस की मला व्हिडिओ लाव. मला फ्रीज बघायचाय."

"इथे बसून?" विश्वासराव म्हणाले. "उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हणतात ते हेच. आणि उंटही तिकडचे."

"शेळ्या माझ्या आहेत," अहल्याबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी चार वाजता, म्हणजे मस्कतचे अडीच, फोन वाजला. ओवीला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मालविका तिला कडेवर घेऊनच गेली होती. काचेची दारं, पांढरे सोफे, मंद दिवे. देवेश हसत समोर आला. "जय श्रीकृष्ण, काकू. बडोदे काय म्हणतंय?"

"ठीक आहे. इंजेक्शन कोण देणार, देवेश?"

"आमचे डॉक्टर आहेत ना. गुरुवारी येतात."

"त्यांचं नाव? नोंदणी नंबर? तिथल्या आरोग्य खात्याच्या यादीत बघून घेते."

"ते प्रमाणपत्र नूतनीकरणाला गेलंय, काकू. आपल्या माणसांत नंबर कसले विचारता?"

"बरं. पापणी खाली उतरली तर शुक्रवारी मला कोण तपासणार?"

देवेश हसला. "फ्रीज उघड," अहल्याबाई म्हणाल्या. तो मालविकाकडे बघू लागला. मालविकाही आईच्याच हाताखाली वाढलेली; तिने पुढे होऊन स्वतःच दार उघडलं. आत सरबताचे डबे, अर्धा केक आणि कोपऱ्यात ताटलीत तीन बाटल्या. थर्मामीटर कुठेच नाही.

"बाटली जवळ आण," अहल्याबाई म्हणाल्या. "अजून जवळ. उजेडाकडे वळव."

फोन कसा धरायचा ते त्या साफ विसरल्या होत्या. डोळे बारीक झाले, भुवया ओढल्या गेल्या, दोन्ही रेघा तळापर्यंत उतरल्या, आणि अख्खा चेहरा पडद्यावर आला. बाटलीचं सील तुटलेलं होतं. तळाशी पाणी. लेबलवर तारखेची जागा कोणीतरी नखाने खरवडली होती.

"ही पावडर असते, देवेश. माणसासमोर उघडायची, त्याच्यासमोर मिठाच्या पाण्यात कालवायची आणि चोवीस तासांत संपवायची. ही कधी कालवलीस?"

"मंगळवारी," तो म्हणाला. मग घाईघाईने, "काकू, सगळेच असं करतात."

"तुझ्या पणजोबांना मी मानते. बाटलीला मानत नाही. मालविका, चल तिथून."

आणि तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं. पडद्याच्या कडेला ओवी होती. आईच्या खांद्यावरून, डोळे विस्फारून, आजीच्या कपाळाकडे बघत. अहल्याबाईंनी झटकन फोन पालथा घातला. इतके दिवस जपलेलं एका मिनिटात घालवलं. त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत. "आता ती जन्मात माझ्याकडे यायची नाही," त्या म्हणाल्या, आणि विश्वासरावांनी पेपर मिटला. त्यांनी उठून खिचडी टाकली.

मालविकाने मात्र चिकाटी सोडली नाही. सोमवारी तिने एका मोठ्या इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. अहल्याबाईंनी फोनवर त्यांनाही तेच प्रश्न घातले. बाईंनी नोंदणी नंबर आपण होऊन दिला, तो यादीत सापडला. बाटली तुमच्यासमोर उघडू, बॅच लिहून देऊ, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू, त्या म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, "आधी तुम्हाला बघेन, मग द्यायचं की नाही ते ठरवेन." हे वाक्य अहल्याबाईंना सगळ्यांत आवडलं. पोहोचल्यानंतरच्या मंगळवारची वेळ ठरली.

निघायला चार दिवस उरले असताना मालविकाचा फोन आला. अहल्याबाई हिंचक्यावर होत्या. त्यांनी सवयीने हनुवटी पडद्यात बसवली. समोर ओवी.

"आजी, वरचं दाखव."

"काय दाखवू गं?"

"वरचं. बाटलीवालं."

मालविका मागून हसत होती. "आई, आठवडाभर घरात हेच चाललंय. शाम्पू, मध, लोणचं, काही सोडलेलं नाही. ओवी, आजीला दाखव."

ओवीने खोकल्याच्या औषधाची बाटली दोन्ही हातांनी नाकापाशी धरली. डोळे बारीक केले. जाड आवाजात म्हणाली, "जवळ आण. अजून जवळ." मग बाटली खाली ठेवून तिने आपल्या कपाळावरून बोट फिरवलं. तिथे काहीच नव्हतं, गुळगुळीत सगळं. तिने दोन बोटांनी भुवया एकमेकींकडे ओढल्या. सोडल्या की पुन्हा सपाट. तिचा चेहरा रडवेला झाला.

"मला रेघ येत नाही," ती म्हणाली. "आजी, तू आलीस की मला शिकव."

हिंचका झुलत होता, तारेवरचा पतंगाचा कागद फडफडत होता, ऊन पायांवरून सरकत होतं, आणि हे काही स्वप्न नव्हतं. अहल्याबाईंनी फोन हळूहळू वर उचलला. ओठ, नाक, डोळे, आणि मग कपाळ.

"आई," मालविका म्हणाली, "मंगळवारची वेळ रद्द करू?"

"रद्द नको. चांगली डॉक्टर आहे, शोधून मिळालेली." त्यांनी पदराने डोळे टिपले. "पुढे ढकल. परत यायच्या आदल्या दिवशीची बघ, नुसतं तपासायला; घ्यायचं की नाही ते मग ठरवू. दोन महिने मला हे लागणार आहे."

पलीकडे ओवी फोनच्या अगदी जवळ आली होती. तिने पडद्यावर बोट टेकवलं, आजीच्या दोन भुवयांच्या मधोमध.

"आजी, कर ना," ती म्हणाली.