चारी पाय थंड

घोड्याच्या पायाला हात लावताना दादासो कोळेकर डोळे मिटून घ्यायचा. इंग्लंडातल्या तबेल्यात त्यावरून त्याची चेष्टा व्हायची, पण ट्रेनरसाहेब कधी हसला नाही. यंत्र उद्या जे सांगेल ते या माणसाचा अंगठा आज सांगतो, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

ही विद्या दादासो कुठल्या शाळेत शिकला नव्हता. तो जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या एका धनगरवाडीतला. लहानपणी दिवाळी झाली की घरची मेंढरं घेऊन सगळे कोकणच्या वाटेला लागायचे, आणि बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असायचं. कोयनानगरच्या पुढं घाट उतरायच्या आधी बाप बिराप्पा त्याला एकेका घोड्याच्या पायावरून हात फिरवायला लावायचा. पाय हाताला ऊन लागला, म्हणजे आतून दुखावलेला असला, की त्या घोड्याचं ओझं उतरायचं. ते मग कुणाच्या तरी डोक्यावर जायचं, बहुतेक वेळा आईच्या, धोंडुबाईच्या.

पुढं मेंढरं कमी झाली, बाप गेला. दादासो पुण्याच्या रेसकोर्सवर सईस म्हणून, घोड्यांची निगा राखायला लागला, तिथून दुबईला गेला, दुबईहून इंग्लंडला. अकरा वर्षं तिथंच काढली. बायको रेश्मा आणि मुलगी साक्षी सांगलीत, विश्रामबागेत राहायच्या, आई वाडीतच. तीन वर्षांपूर्वी त्यानं शब्द टाकून कुंडलच्या ऋषिराजला त्याच तबेल्यात रायडर म्हणून लावलं. ऋषिराजचे वडील मानसिंग फौजेतल्या घोड्यांवर नोकरी करून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरचा ऊस. पोरानं घोड्यावर बसणं बापाकडूनच घेतलेलं. दादासो त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. परदेशात ऋषिराजला तोच वडीलधारा होता.

सॅलो ब्रिज नावाचा तांबूस घोडा या दोघांच्या हवाली होता. सकाळी ऋषिराज त्याला सरावाला पळवायचा, बाकी सगळा वेळ दादासो; शर्यतीत पाठीवर जॉकी दुसरा असायचा. त्याला तो 'पावणं' म्हणायचा, कारण जिथं नेईल तिथं घोडा पाहुण्यासारखा रुबाबात उभा राहायचा आणि आधी खायला काय आहे ते बघायचा. लांब पल्ल्याचा घोडा होता. पहिल्या मैलात मागं रेंगाळायचा आणि दुसऱ्यांची दमछाक झाली की याला जोर चढायचा.

त्या वर्षी साहेबानं त्याचं नाव ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शर्यतीत घातलं. दोन मैलांची शर्यत, आणि तीही वजनाची, म्हणजे नावाजलेल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन, कच्च्या घोड्याच्या पाठीवर कमी, जेणेकरून सगळ्यांना सारखी संधी. पावण्याच्या वाट्याला वजन बेताचं आलं होतं. जाणकार म्हणू लागले की बाहेरून आलेल्या घोड्यांत हाच धोक्याचा.

विमानात दादासो त्याच्या शेजारीच उभा होता. तिथं उतरल्यावर परदेशी घोड्यांना वेगळं ठेवलं होतं, त्यांच्या माणसांनाही कपडे बदलून, बूट धुऊन आत जावं लागे. पूर्वी काही परदेशी घोड्यांचे पाय भर शर्यतीत मोडले होते, म्हणून आता बाहेरच्या प्रत्येक घोड्याच्या पायांचं स्कॅन व्हायचं. पावण्याचं स्कॅन स्वच्छ निघालं. शर्यत मंगळवारी होती. शनिवारी शेवटचा सराव झाला. साहेबानं सांगितलं होतं त्यापेक्षा ऋषिराजनं घोडा जरा जोरात सोडला, पण घोडाच इतका खुशीत होता की साहेब नुसता पुटपुटला आणि विषय संपला.

मंगळवारी पहाटे दादासोनं नेहमीसारखे डोळे मिटले आणि पुढच्या डाव्या पायाच्या नळीवरून अंगठा खाली नेला. मधोमध, रुपयाएवढ्या जागेत, पाय ऊन लागला.

त्यानं हात काढला, पँटीला पुसला, परत लावला. उजवा पाय बघितला. उजवा थंड होता. घोड्याला चार पावलं चालवलं तर तो नीट चालला. थोड्या वेळानं तिथल्या डॉक्टरांनी पळवून बघितला, त्यांनाही काही दिसलं नाही. मग साहेब आला आणि रोजच्यासारखं विचारलं, पाय कसे आहेत?

तिकडं वाडीत शाळेच्या खोलीत पडदा लावला होता. शर्यत आपल्याकडच्या सकाळच्या साडेनऊला होती. सरपंचांनी रात्रीच फोन करून सांगितलं होतं की धोंडुबाईंना पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय, शर्यतीआधी घोडे मिरवतात त्यात दादासो दिसणार म्हणून आख्खी वाडी जमणार आहे. आणि शिवाय ऊन म्हणजे किती, नावालाच. डॉक्टरांना दिसलं नाही, यंत्राला दिसलं नाही. एका सईसाच्या अंगठ्यासाठी एवढी मोठी शर्यत सोडायची, आणि मग काहीच नव्हतं असं निघालं तर?

"थंड, साहेब," दादासो म्हणाला. "चारी."

साहेबानं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि तो पुढं गेला.

दुपारी लाखभर माणसांसमोर दादासोनं पावण्याला मिरवलं. शर्यत सुरू झाली तेव्हा तो कुंपणापाशी उभा होता. पावणं नेहमीसारखा मागं होता, मग हळूहळू बाहेरच्या बाजूनं वर सरकला. शेवटच्या वळणावर पुढं सातच घोडे उरले होते. तिथं तो एकदम खाली गेला, जसं कुणी पायाखालची जमीन ओढली. वरचा जॉकी लांब फेकला गेला. त्याचं हाताचं हाड मोडण्यावर निभावलं. घोडा उठून तीन पायांवर उभा राहिला.

दादासो पोहोचला तोवर हिरवा पडदा आडवा धरला होता. डावा पाय नळीतून मोडला होता. पावण्यानं त्याला ओळखलं आणि तोंड त्याच्या छातीवर आणून टेकवलं. डॉक्टरांनी शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा लगाम दादासोच्याच हातात होता.

चौकशी चार दिवस चालली. स्कॅन स्वच्छ, सकाळची तपासणी स्वच्छ, सईस म्हणतो पाय थंड होते. मग उरलं काय? शनिवारचा सराव. ऋषिराजला बोलावलं, आणि त्या पोरानं स्वतःच सांगितलं की व्हय, मी सांगितल्यापेक्षा जोरात पळवला. तिथंच प्रकरण मिटलं. साहेबानं त्याला कामावरून काढलं. दादासो त्याच खोलीत भिंतीला टेकून उभा होता. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. तो आपल्या बुटांकडं बघत राहिला.

ऋषिराजला विमानतळावर सोडायला दादासोच गेला. ऋषिराजचे डोळे सुजले होते. तो म्हणाला, "दादा, मीच मारला त्याला. तुमी एवढा जपला, आन् मी मारला."

"नशीब असतं रं गड्या एकेकाचं," दादासो म्हणाला.

घोडा मेला त्या दिवशी पहाटे बोललेल्या खोट्यापेक्षा हे वाक्य त्याला पुढं जास्त छळायचं. पहाटे निदान खात्री नव्हती. विमानतळावर सगळं माहीत होतं.

डिसेंबरात तो सुट्टी घेऊन घरी आला. साक्षीनं घोड्याबद्दल विचारलं तेव्हा रेश्मानं तिला डोळ्यानं गप्प केलं. दोन दिवसांनी तो वाडीला गेला. घोडा गेला तरी आपला माणूस एवढ्या मोठ्या ठिकाणी गेला होता, म्हणून वाडीनं सत्काराचं ठरवलं होतं. दादासोनं नको म्हटलं. लोकांना तो मोठेपणाच वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आणि धोंडुबाई मेंढरांमागं ओढ्याकडं गेली असताना तिनं काठी मांडीवर आडवी घेतली आणि विचारलं, "त्या घोड्याचा पाय ऊन हुता न्हवं?"

कुणी सांगितलं, एवढंच दादासोनं विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? पडद्यावर समदी मानसं घोडी बघत हुती, म्या तुला बघत हुते. घोडी धरलेली बाकीची माणसं लोकांकडं बघून हसत चालली हुती. तू त्याच्या डाव्या पायाकडं बघत चालला हुतास. पयल्यापासनं शेवटापातूर."

दादासो खाली बसला. त्यानं सगळं सांगितलं. पहाटेचं, साहेबाचं, ऋषिराजचं, विमानतळावरचंही. सांगताना तो म्हणाला की तुमी सगळी बघणार म्हणून, तुला खुर्ची ठेवली होती म्हणून माझा धीर झाला नाही.

"आमच्यावर घालू नगंस," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आमी तुला बघाय बसलो हुतो. घोडं पळू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या कुंडलच्या पोराला आई हाय?"

"हाय."

"मग ती काय म्हनत आसंल?"

ती उठली आणि मेंढरांमागं चालू लागली. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला येऊन त्यानं रेश्माला सांगितलं. नोकरी जाईल, हे तिला न सांगता कळलं. कुंडलला जायचं तर उद्याच जा, परवा तुमचं मन बदलेल, एवढंच ती म्हणाली.

कुंडलात मानसिंगांनी त्याचं स्वागत पाहुण्यासारखं केलं. तुमच्यामुळं पोरानं जग बघितलं, असं ते दोनदा म्हणाले आणि त्यांनी आत चहाला सांगितलं. ऋषिराज उसाला पाणी पाजून नुकताच आला होता, पायाला चिखल तसाच. अंगानं तो पार वाळला होता. दाराशी घरची घोडी बांधलेली होती. पोरगं आल्यापासून तिच्या पाठीवर बसलं नाही, असं मानसिंग हळूच म्हणाले.

चहा यायच्या आत दादासोनं सांगून टाकलं. उभ्यानंच, थोडक्यात. मला कळलं होतं. मी खोटं बोललो. नंतर ठपका ह्याच्यावर येऊ दिला.

मग ऋषिराजनं विचारलं ते घोड्याबद्दलच. "कुठं ऊन हुता?"

"नळीच्या मधी. रुपयाएवढा."

"मला का न्हाई सांगितलं? सकाळी मी तिथंच हुतो की."

"धीर न्हाई झाला."

"ते सकाळचं झालं," ऋषिराज म्हणाला. "विमानतळावर तरी सांगायचं, दादा. महिनाभर मी झोपलो न्हाई." तो उठला आणि मागच्या दारानं उसाच्या दिशेनं निघून गेला. आतून चहा घेऊन आलेली त्याची आई उंबऱ्यातच थांबली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं कप खाली ठेवले नाहीत, तसेच आत नेले.

मानसिंगांनी विचारलं, साहेबाला सांगितलं का? दादासोनं नाही म्हणून मान हलवली.

"मग हितं सांगून काय उपेग? लावा फोन. माझ्यापुढं लावा."

दादासोनं लावला. अकरा वर्षांची मोडकीतोडकी इंग्रजी त्या दिवशी कमी पडली नाही. सांगायचं फार थोडं होतं. ऐकून घेऊन साहेबानं एकच विचारलं, ऋषिराजला माहीत आहे का? आहे म्हटल्यावर त्यानं फोन ठेवला.

साहेबानं चौकशीवाल्यांना कळवलं, आणि पंधरा दिवसांत कागद आला. दादासोची नोकरी गेली, आणि शर्यतीच्या घोड्यांजवळ दोन वर्षं त्याला काम करायला बंदी झाली. ऋषिराजवरचा ठपका काढला आणि साहेबानं त्याला पत्र लिहून परत बोलावलं. तो त्या तबेल्यात गेला नाही. त्याला आयर्लंडमध्ये दुसरीकडं काम मिळालं.

वाडीत दादासोनं सत्काराऐवजी शाळेत सगळ्यांना बसवून खरं काय ते सांगितलं. काहींना पटलं, काही म्हणाले घरात सांगितलं असतं तरी चाललं असतं. धोंडुबाई मागच्या रांगेत बसली होती. आता दादासो पाचगणीत पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांची देखभाल करतो. पगार पूर्वीच्या चौथाईही नाही. रेश्मानं विश्रामबागेत एका दुकानात काम धरलंय. पावण्याच्या तोंडाचं ते छातीवरचं वजन त्याला अजून, अगदी कामाच्या गडबडीतसुद्धा, जाणवतं, आणि मग हातातलं काम थोडा वेळ थांबतं.

मार्चमध्ये मानसिंगांचा फोन आला. पोरगं रविवारी निघणार होतं. त्यानं सांगू नका म्हटलंय, पण तुमाला कळावं असं मला वाटलं, असं ते अडखळत म्हणाले. तुमी यायचं नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण दादासोला ते समजलं.

"आयर्लंडात पाऊस लय," तो म्हणाला. "घोड्यावर बोटं आखडत्यात. हातमोजं दोन जोड घ्यायला लावा त्याला, तिथं म्हाग पडत्यात."

"सांगतो."

"माझं नाव नका सांगू, सुभेदार. तुमीच सांगताय म्हणा."

मानसिंग बरं म्हणाले.