कणकेवरचा हात

"काकू, आज आधीच लावून ठेवलीत? वा, वेळ वाचला," प्रज्ञेश म्हणाला आणि मांडी घालून पखवाजापुढे बसला.

मथुराबाई कणकेचा गोळा हातात घेऊन उभ्या होत्या. घरून आत्ताच मळून आणलेला. आणि पखवाजाच्या डाव्या तोंडावर दुसरा गोळा आधीच थापलेला होता, तोही ओलाच. मागच्या रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी स्वतः चमच्याच्या दांड्याने ती बाजू खरवडली होती, फडक्याने पुसली होती, खोळ चढवली होती आणि समाजमंदिराला कुलूप लावलं होतं.

"व्हय, लावली," त्या म्हणाल्या. खोटं बोलायची सवय नव्हती, पण खरं काय सांगायचं तेही ठाऊक नव्हतं.

पखवाजाचं डावं तोंड कणकेशिवाय बोलत नाही. वाजवण्याआधी ओली कणीक थापायची, वाजवून झालं की काढायची, नाहीतर कातडं खराब होतं आणि उंदरांची चंगळ होते. वारज्याच्या जुन्या गावठाणात दर रविवारी सकाळी बावीस मुलं जमत, निम्मी गावठाणातली, निम्मी मागच्या टॉवरमधली. एका संस्थेचा उपक्रम होता. संस्थेच्या कागदांत ह्याला 'सामूहिक संगीत' म्हणत. गावात ह्यालाच पोरांचं भजन म्हणतात, आणि ते संस्था जन्मायच्या आधीपासून चालू होतं. चालवत होते मथुराबाईंचे यजमान गेनबा. मागच्या पौषात ते गेले. मग संस्थेने कोथरूडहून प्रज्ञेशला शिकवायला पाठवलं. पखवाज मात्र गेनबांचाच राहिला आणि कणीक मथुराबाईंची.

अठ्ठेचाळीस वर्षं त्या ही कणीक मळत आल्या होत्या. पोळीच्या कणकेहून सैल आणि भज्यांच्या पिठाहून घट्ट. लग्न होऊन आल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच दिवशी गेनबांनी सांगितलं होतं, बाईचा हात लागला की पखवाजाचा आवाज बसतो. तिने मळलेली कणीक चालायची, हात चालायचा नाही. सोय बघून शास्त्र. मथुराबाई उंबऱ्यात ताटली ठेवायच्या आणि दाराआड बसायच्या. कणीक बिघडली तर आतून "पातळ" असा एक शब्द यायचा. काहीच आलं नाही की जमली समजायचं. तेवढ्या कौतुकावर संसार झाला.

वर्ग सुटल्यावर संस्थेची ऋतुजा त्यांच्याजवळ आली. मुलगी गोड होती, बोलायचीही गोडच.

"काकू, एक गुड न्यूज आहे. पुढच्या महिन्यात आपल्याला नवा पखवाज मिळतोय. त्याच्या डाव्या बाजूला कायमचा मसाला असतो. कणकेची कटकटच नाही. तुम्हाला आता आराम."

पुण्यात एखाद्याला बाहेर काढायचं असलं की आराम देतात. मथुराबाई हसल्या, बरं म्हणाल्या. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, ते दिवेलागणीला येत. मथुराबाईंचे सहा दिवस सातव्या दिवसाची वाट बघण्यात जायचे. कणीक गेली तर रविवारी तिथे जायला त्यांच्याकडे काही कारण उरणार नव्हतं. न बोलावता जाऊन बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

आणि हे दुसरं प्रकरण. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या, एक त्यांच्या कमरेला आणि एक ऋतुजाकडे कोथरूडला. मग कणीक लावतं कोण? हे गेनबाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं. ते होते तोवर पोरींना टाळ मिळायचे, पखवाज नाही. आता टॉवरमधली अकरा वर्षांची निकिता पखवाजावर बसत होती. म्हातारा चिडला असणार.

बुधवारी दुपारी तीनला, भांडी घासून झाल्यावर, त्या समाजमंदिरात गेल्या. बाहेर चिटपाखरू नव्हतं. त्यांनी कुलूप हातात घेतलं आणि आतून आवाज आला. डाव्या हाताची एक थाप, खोल आणि भरलेली. थोड्या वेळाने आणखी एक.

मथुराबाईंनी दाराशी तोंड नेलं. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "पोरी वाजवत्यात म्हणून राग आलाय का?"

आवाज थांबला.

त्यांनी दार उघडलं. खिडक्या बंद होत्या. खोळ बाजूला घडी करून ठेवलेली. डाव्या तोंडावर ताजी कणीक होती, तिच्यावर पाणी चमकत होतं आणि हात उमटला होता. त्या वाकून बघू लागल्या. गेनबांच्या डाव्या हाताची तर्जनी कडबाकुट्टीत अर्धी गेली होती. इथे पाचही बोटं पुरी होती. पंजा लहान होता. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली.

मथुराबाईंनी आपला डावा हात डोळ्यांसमोर धरला. लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली करंगळी तशीच बाहेर वळली होती. नखांत पिठाचा कणही नव्हता.

मेलेल्या नवऱ्याशी दाराआडून बोलताना त्या घाबरल्या नव्हत्या, पण ह्या हाताला घाबरल्या. खोळही न चढवता त्यांनी कुलूप लावलं.

रविवारी प्रज्ञेश निकिताला शिकवत होता. ऋतुजा मोबाइलवर शूटिंग करत होती.

"वजन दे निकिता. हात मोकळा सोड."

"सर, सोडतेय ना. येतच नाहीये."

"असू दे. नवा आला की इझी जाईल."

मथुराबाई भिंतीपासून उठल्या. आपण उठलो हे त्यांना निकिताजवळ पोचल्यावर कळलं. "सरक बाळा जरा," त्या म्हणाल्या.

त्या बसल्या. हात कणकेवर ठेवला आणि अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पखवाज वाजवला.

टाळ थांबले. गेनबांचे सगळे बोल त्या वाजवत होत्या, उजव्या हाताचे, डाव्या हाताचे, एकही न चुकता. एक गोष्ट मात्र फक्त त्यांच्याच लक्षात आली. त्यांचा हात पडायच्या जरासा आधी आवाज उठत होता. कुणीतरी पुढे वाजवत होतं आणि त्या मागून पोचत होत्या. कोण, तेही त्यांना कळलं. उंबऱ्यात ताटली ठेवायला आलेली अठरा वर्षांची मथुरा त्या दिवशी परत फिरलीच नव्हती. ती आत गेली होती आणि इतकी वर्षं वाजवत बसली होती. दाराआड बसल्या त्या ह्या, मागे राहिलेल्या.

मथुराबाईंनी लय वाढवली. अंतर कमी होत गेलं. शेवटची थाप दोघींची एकदमच पडली.

"काकू," प्रज्ञेशने विचारलं, "कुणाकडे शिकलात?"

"दाराआडून."

त्याने निकिताला त्यांच्या शेजारी बसवलं. मग म्हणाला, "नवा पखवाज येईल तेव्हा येऊ दे. पण डावा हात मुलांना ह्याच्यावर तुम्हीच शिकवायचा. दर रविवारी. ऋतुजा, चालेल ना?"

ऋतुजाने मान डोलावली. तिचा मोबाइल कधीच खाली गेला होता.

"मग कणीक लागंल," मथुराबाई म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता.

बुधवारी दुपारी त्या पुन्हा गेल्या. दाराला कान लावला. आत काही नव्हतं. खोळ चढवलेली होती, तिच्याखाली डावं तोंड कोरडं ठक्क. त्या तासभर तिथे बसून राहिल्या. हाक मारावीशी वाटली, पण आपलंच नाव घेऊन कसं हाकारायचं? आपण तिच्यापर्यंत पोचलो आणि ती संपली, हे त्यांना तिथे बसल्या बसल्या समजलं.

संध्याकाळी सून पूर्णिमाने शिरा केला होता. मथुराबाईंनी ताटातला शिरा बाजूला सारला. दुसऱ्या दिवशी देवापुढे दिवा लावायला सुनेलाच सांगितलं.

"आई, काय झालं? सुतक आहे का कुणाचं?" पूर्णिमाने विचारलं.

"तीन दिसांचं हाय. माह्यारचं."

"कोण गेलं?"

"पोर व्हती एक," मथुराबाई म्हणाल्या. "माझं लगीन झाल्यावर आमची भेट न्हाई झाली."