तळहातावरचा चावा

कवळ्या बनवणाऱ्या त्या छोट्या कारखान्यात ती पंधरा वर्षं कामाला होती. मेणावर उमटलेले दात पाहून गिऱ्हाईक कोणत्या बाजूने चावतं, हे ती चहा पिता पिता सांगे. "हे आजोबा झोपेत दात खातात, आजींना विचारा," असं म्हटलं की सगळे हसत. हसताना ती स्वतः ओठांवर हात धरी, कारण तिचाच वरचा एक दात पडलेला होता.

त्या सकाळी ती मुलीची वेणी घालत होती. नवऱ्याला एक पायमोजा सापडेना, एवढंच निमित्त झालं. त्याने तिला केसांना धरून स्वयंपाकघरात फरपटत नेलं आणि तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. ती ओरडली तसा त्याने तळहाताने तिचं तोंड दाबलं, नाकासकट.

"आवाज बंद! शेजारी ऐकतील."

दुसऱ्या हाताने बरगड्यांत बुक्क्या चालूच होत्या. श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलगी दारात उभी राहून किंचाळत होती. तेव्हा ती चावली, जीव खाऊन चावली.

बायकोच्या रक्ताचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. स्वतःचं दिसताच मात्र गडी हादरला आणि हाताला टॉवेल गुंडाळून, "पोलिसांत देतो तुला" म्हणत थेट ठाण्यात गेला.

आणि हिने काय केलं? फरशी पुसली! पोलीस घरात आले तर काय म्हणतील, म्हणून ओटा धुतला, स्वतःचे रक्ताचे कपडे भिजत घातले, मुलीला शाळेत सोडलं आणि मग ठाण्यात गेली. सांगतानासुद्धा संताप येतो. पण मार खाल्ल्यावर आधी घर आवरायचं, हे आपणच मुलींना शिकवलं आहे.

"बाई, तक्रार तुमच्यावरच आहे," साहेब म्हणाले. "नवरा झोपलेला असताना हाताला चावलात म्हणे."

"आणि हे कपाळ?"

"पळताना दारावर आपटलात, असं त्यांनी लिहून दिलंय."

निरोप मिळताच तिचा थोरला भाऊ धावत आला. मेहुण्याशी बाहेर कुजबुजला आणि तिच्याकडे येऊन म्हणाला, "अगं, तू तक्रार करू नकोस, तो त्याची मागे घेतो. नाहीतर आरोपी होशील, मुलगी तो घेऊन जाईल. निदान चावलेच नाही म्हण."

"चावले ना, दादा."

समोरच्या बाकावरून, टॉवेलाच्या जागी आता पट्टी बांधलेला नवरा म्हणाला, "समेटावर सही कर आणि चल. पोरीची शाळा सुटेल."

तिने पेन हातात घेतलं होतं. पोरीला पुन्हा त्याच दारात उभं करायचं? तिने पेन खाली ठेवलं.

"साहेब, ह्यांना पट्टी सोडायला सांगा."

"कशाला?" नवऱ्याने मूठ आवळली. साहेबांनी ती उघडायला लावली.

अंगठ्याच्या मुळाशी दातांच्या दोन रांगा होत्या. वरच्या रांगेत एक जागा रिकामी होती. तिने ओठ वर करून दाखवला.

"दात माझेच आहेत. पडलाय तो ह्यांनी गेल्या वर्षी पाडला. पण झोपलेल्याचा हात धरून चावले असते, तर एक रांग हाताच्या पाठीवर उमटली असती. इथे दोन्ही तळव्यावर आहेत. कुणाच्या तोंडावर हात दाबल्याशिवाय असा चावा बसत नाही."

साहेब बराच वेळ तो हात न्याहाळत राहिले.

"तरी त्यांची तक्रार लगेच मिटणार नाही. कोर्टात आरोपी म्हणून उभं राहावं लागेल तुम्हाला."

भावाने कपाळाला हात लावला.

"राहीन," ती म्हणाली. "आरोपीला बोलू तरी देतात ना? दादा, तू शाळेत जा. पोरीला तुझ्या घरी ने."

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला.

"बोला."

ती बोलू लागली. लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून.